पोटातलं पाणी

पोटात पाणी झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "मग काढून टाकता येत नाही का?" येतं. सुई घालून पाच-सहा लिटर पाणी काही तासांत काढता येतं. रुग्णाचा श्वास मोकळा होतो, दोन घास जास्त जातात, रात्री पाठ टेकता येते. पण काही दिवसांतच पोट पुन्हा तट्ट होतं. मग घरच्यांना वाटतं, पाणी नीट काढलंच नाही. डॉक्टर बदलतो, दवाखाना बदलतो, पैसा जातो आणि पाणी येतच राहतं.

याला जलोदर म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'असायटिस' असं लिहिलेलं असतं. शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडल्याची ती खूण असते. ताप जसा मलेरियात येतो, टायफॉइडमध्ये येतो आणि साध्या सर्दीतही येतो, तसं पोटातलं पाणी यकृताच्या आजारात येतं, क्षयात येतं, हृदय थकलं की येतं आणि कर्करोगातही येतं. म्हणून पाणी काढायचं कसं, याआधी ते आलं कुठून हे विचारायला हवं. या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं तर अनेक रुग्णांचा पुढचा रस्ता बदलतो.

बागांच्या गावात

शेंदूरजनाघाट हे वरूड तालुक्यातलं नगरपरिषदेचं गाव. सातपुड्याच्या पायथ्याला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात आणि त्या पट्ट्यात शेंदूरजनाघाटचं नाव संत्र्याच्या बागांइतकंच कलमांसाठीही घेतलं जातं. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार केलेली रोपं इथल्या रोपवाटिकांतून दूरदूरच्या बागांत जातात. वर्षाचं गणित आंबिया आणि मृग अशा दोन बहारांवर बसलेलं. तोडीच्या दिवसांत दुखणं अंगावर काढायची सवय मालकालाही असते आणि मजुरालाही.

जलोदर नेमका याच सवयीचा फायदा घेतो, कारण सुरुवातीला तो दुखत नाही. पायजम्याचा नाडा कमी पडायला लागतो, पट्ट्याचं भोक बदलावं लागतं, साडीची गाठ पोटाच्या खाली घसरते. संध्याकाळी पाय सुजतात आणि चपलेचा पट्टा रुततो. चार घास खाल्ले तरी पोट गच्च वाटतं. घरात निदान तयारच असतं: गॅस झाला. मग पाचक चूर्ण, सोडा, ओव्याचं पाणी. डोळे पिवळे दिसले तर काविळीचा झाडपाला. यात महिना-दोन महिने सहज निघून जातात. पोट वाढत असताना हातापायाच्या काड्या होत चालल्या, दंड आणि मांड्या बारीक झाल्या, तर ते पोट चरबीचं नव्हे. ही खूण घरात बसूनही ओळखता येते.

शेंदूरजनाघाटहून वरूडचं ग्रामीण रुग्णालय जवळ. त्यापुढे मोर्शीचं उपजिल्हा रुग्णालय आणि मग अमरावती किंवा नागपूर. प्रत्येक टप्प्याला एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचा खाडा लागतो. म्हणूनच पहिल्या फेरीत काय तपासून घ्यायचं हे आधी माहीत असणं इथल्या माणसाला शहरातल्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

पाणी झिरपतं कसं

आपल्या पोटाची पोकळी आणि तिच्यातले अवयव एका पातळ पडद्याने मढवलेले असतात. आतडी एकमेकांवर सहज सरकावीत म्हणून त्यात थोडासा ओलावा असतो. निरोगी माणसात तो काही चमच्यांपलीकडे जात नाही. जलोदरात तिथेच दहा-बारा लिटरपर्यंत पाणी साठू शकतं.

याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे यकृताचा सिरोसिस. पाश्चात्त्य देशांत जलोदराच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांमध्ये हेच कारण सापडतं. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून येणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेतून यकृतात येतं, तिथे गाळलं जातं आणि मग वर जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश या एका शिरेतून येतं. वर्षानुवर्षांच्या माऱ्यानं यकृतात चट्टे पडले, ते दगडासारखं कडक झालं, की हे रक्त पुढे सरकेनासं होतं.

बागेला पाणी देणाऱ्याला हे लगेच कळेल. दांड पुढे तुंबला तर मागचं पाणी थांबत नाही. ते बांधावरून पाझरतं, नको त्या वाफ्यात शिरतं. यकृतात वाट तुंबली की मागच्या शिरांमधला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी पोटाच्या पोकळीत पाझरतं. त्यातच आजारी यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन पुरेसं बनवू शकत नाही. रक्तातलं पाणी शिरांमध्ये धरून ठेवण्याचं काम याच प्रथिनाचं. ते कमी पडलं की पाझर आणखी वाढतो.

एवढ्यावर हे थांबत नाही. दाब वाढल्यावर आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बरंचसं रक्त तिथेच रेंगाळतं. मूत्रपिंडांना वाटतं, शरीरात रक्त कमी पडलंय. ती मीठ धरून ठेवायला लागतात. मिठाबरोबर पाणी थांबतं, ते पुन्हा पोटात उतरतं आणि मूत्रपिंडं आणखी मीठ अडवतात. असं हे चक्र चालू राहतं. सुईने पाणी काढलं तरी चक्र तसंच राहतं, म्हणूनच पोट पुन्हा भरतं. सुई टोचल्यामुळे पाणी वाढतं हा समज गावोगाव आहे, पण त्यात तथ्य नाही.

बोटांची तपासणी

मोठ्या यंत्राआधी डॉक्टर दोन बोटं वापरतात. रुग्णाला उताणं झोपवून पोटावर एका हाताचं मधलं बोट टेकवतात आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारतात. बेंबीजवळ पोकळ आवाज येतो, कारण हवेने भरलेली आतडी पाण्यावर तरंगून वर आलेली असतात. बोट कुशीकडे सरकलं की आवाज बद्द होतो, कारण तिथे पाणी असतं. मग रुग्णाला कुशीवर वळवतात आणि थोडा वेळ थांबतात. वर आलेल्या कुशीत आता पोकळ आवाज येऊ लागतो. वजनानं पाणी खाली उतरलेलं असतं. चरबी अशी जागा बदलत नाही, गॅसही नाही. या तपासणीत पाणी सापडायला ते साधारण दीड लिटर तरी लागतं. सोनोग्राफीत मात्र शंभर मिलिलिटर पाणीही दिसतं. म्हणून शंका असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

एका सिरिंजचं उत्तर

सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी तपासणी म्हणजे त्या पाण्याचीच तपासणी. पोटाच्या डाव्या बाजूला, खालच्या भागात, जागा बधिर करून बारीक सुई घालतात आणि थोडं पाणी सिरिंजमध्ये ओढतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. नवीन जलोदराच्या प्रत्येक रुग्णाचं पाणी असं तपासायला हवं. रुग्ण जलोदर वाढला म्हणून भरती झाला तर प्रत्येक वेळी तपासायला हवं.

पाण्याच्या रंगावरून पहिला अंदाज येतो. सिरोसिसचं पाणी बहुधा फिकट पिवळं, स्वच्छ असतं. गढूळ असेल तर जंतुसंसर्गाची शंका येते, दुधाळ असेल तर लसवाहिनी फुटल्याची. तांबूस पाणी कर्करोगात दिसू शकतं. पण खरं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं, आणि ते साध्या वजाबाकीतून. त्याच दिवशी रक्त घेऊन रक्तातलं अल्ब्युमिन मोजतात, पाण्यातलंही मोजतात आणि पहिल्यातून दुसरं वजा करतात. फरक दर डेसिलिटरमागे 1.1 ग्रॅम किंवा त्याहून जास्त आला तर पाणी शिरेतल्या दाबामुळे आलंय: सिरोसिस किंवा हृदयाचा आजार. फरक त्याहून कमी आला तर पोटाचा पडदाच आजारी असण्याची शक्यता मोठी: क्षय किंवा कर्करोग. मूत्रपिंडांतून प्रथिनं वाहून जाण्याच्या आजारातही फरक असा कमी येतो.

उदाहरण घेऊ. रक्तात 2.8 आणि पाण्यात 0.9. फरक 1.9, तेव्हा आधी यकृताकडे बघायचं. दुसऱ्या रुग्णाच्या रक्तात 3.2 आणि पाण्यात 2.6. फरक फक्त 0.6. बाहेरून दोघांची पोटं सारखीच दिसतात, पण दुसऱ्या रुग्णाला क्षय असेल तर सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होऊ शकतो. भारतात हे कारण विसरून चालत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं आणि पोटात पाणी ही खूणगाठ पोटाच्या क्षयाची असू शकते. खोकला असायलाच हवा असं नाही. अशा पाण्यात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या असतात आणि 'एडीए' ही तपासणी बरीच मदत करते. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि उपचार चालू असताना पोषणासाठी पैसेही खात्यात जमा होतात. 'पोटात पाणी म्हणजे लिव्हर गेलं' असं समजून असा रुग्ण घरी बसवणं म्हणजे बरा होणारा माणूस गमावणं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बाईचं पोट दोन-चार महिन्यांत वाढलं, खाल्लं की लगेच गच्च होतं, लघवीला वारंवार जावं लागतं, तर ते 'पाळी गेल्यावर सुटलेलं पोट' म्हणून सोडून देऊ नये. अंडाशयाचा कर्करोग असाच, पाण्याच्या आडून येतो. सोनोग्राफी आणि पाण्यातल्या पेशींची तपासणी तेव्हा लगेच व्हायला हवी.

याच पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजणंही तितकंच महत्त्वाचं. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल प्रकारच्या पेशी 250 किंवा त्याहून जास्त असतील तर पाण्यात जंतू झाले आहेत असं धरून शिरेतून प्रतिजैविकं लगेच सुरू करतात. अहवालाच्या कागदावर हा आकडा आहे का, हे नातेवाइकांनीही विचारावं.

सुश्रुतांचा इशारा

पोटातलं पाणी काढण्याची रीत आधुनिक रुग्णालयांनी आणलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तिचं तपशीलवार वर्णन आहे. रुग्णाला आप्तांनी काखेत आधार देऊन धरायचं, बेंबीखाली डाव्या बाजूला, मधल्या केसांच्या रेषेपासून चार बोटं अंतरावर व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध घ्यायचा, मग धातूची किंवा पिसाच्या देठाची नळी घालून पाणी वाहू द्यायचं. आजही डॉक्टर बहुधा डावीच बाजू निवडतात, कारण तिथे पोटाची भिंत पातळ आणि पाण्याची खोली जास्त असते.

त्यापुढचा भाग जास्त विचार करायला लावणारा आहे. सगळं पाणी एका दिवशी काढू नका, असं सुश्रुत बजावतात. तसं केलं तर तहान, ताप, अंगमोड, अतिसार, धाप असे उपद्रव होतात आणि दुबळ्या रुग्णाचं पोट लवकर पुन्हा भरतं. म्हणून काही दिवसांच्या अंतराने थोडं थोडं काढावं आणि पाणी गेल्यावर पोट लोकरी, रेशमी वस्त्राने किंवा चामड्याने घट्ट बांधावं. या निरीक्षणामागचं कारण आता कळलं आहे. एकदम खूप पाणी काढलं की रक्ताभिसरण कोलमडतं, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. ते टाळायला पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. हे औषध महाग आहे, म्हणून नातेवाईक कधीकधी ते नको म्हणतात. तो पैसा वाचवण्यात रुग्णाची मूत्रपिंडं जाऊ शकतात.

चरकसंहितेतही उदररोगाच्या पथ्यात मीठ वर्ज्य सांगितलं आहे. मूत्रपिंडांचं मिठाचं गणित माहीत नसलेल्या काळात, केवळ रुग्णांकडे बघून काढलेला तो निष्कर्ष आजही तंतोतंत लागू पडतो.

पुण्यातली पितळी भांडी

कारण शोधलं की काय घडू शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना एक आजार होत असे. पोट मोठं, यकृत कडक आणि धारदार कडेचं, मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकदा मृत्यू. भारतीय बाल-सिरोसिस असं त्याचं नाव. 19व्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात त्याचं वर्णन झालं होतं, पण जवळजवळ शंभर वर्षं कारण हाती लागत नव्हतं. एकाच घरातली दोन-तीन मुलं दगावत, तेव्हा लोक त्याला घराण्याचा दोष मानत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतातलं प्रचंड तांबं आणि त्यांना पाजलेलं दूध यांचा संबंध जोडला. 1983 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. गाई-म्हशीचं दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं, ठेवलं की त्यात तांबं उतरतं. दुधातलं केसीन ते घट्ट धरतं. अंगावरचं दूध लवकर तोडून वरचं दूध सुरू केलेल्या बाळाच्या कोवळ्या यकृतात ते साठत जातं. भांड्याला कल्हई असेल तर धोका कमी, पण कल्हई उडाली की पितळ उघडं पडतं.

उपचारातही पुण्याच्या या मंडळींनी काम केलं. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामीन वेळेत दिलं तर काही मुलं वाचतात, हे त्यांनी दाखवलं. पण या आजाराला खरं हटवलं ते भांड्यांनी. बाळाचं दूध पितळी भांड्यात तापवू नका, हा सांगावा पसरला आणि त्याच सुमारास स्टील घरोघर पोचलं. एकेकाळी मुलांच्या वॉर्डात नेहमी दिसणारा हा आजार आज क्वचितच दिसतो. पोटातलं पाणी कितीही वेळा काढलं असतं तरी ही मुलं वाचली नसती. तांबं कुठून येतं हे कुणीतरी विचारलं, म्हणून पुढची पिढी वाचली.

मीठ, पाण्याआधी

जलोदराच्या घरात सगळ्यात आधी रुग्णाचं पाणी बंद केलं जातं. पोटात एवढं पाणी, मग वरून आणखी कशाला, असा सरळ विचार. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो. रक्तातलं सोडियम फार उतरलं असेल तरच डॉक्टर पिण्याच्या पाण्यावर बंधन घालतात. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात रुग्णाला तहानेलं ठेवलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पोट काही उतरत नाही.

बंधन हवं मिठावर. पोटातल्या एक लिटर पाण्यात सुमारे साडेसात ग्रॅम मीठ असतं. शरीरात जास्तीचं मीठ गेलं नाही तर नवं पाणी साठायला आधारच उरत नाही. दिवसभराचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, हे साधारण प्रमाण. त्यात स्वयंपाकातलं मीठ तर आलंच, पण न दिसणारंही आलं.

वऱ्हाडी जेवणात हे न दिसणारं मीठ जागोजागी आहे. ठेचा, लोणचं, पापड, कुरड्या, खारोड्या, शेव-चिवडा. पापडखार आणि खाण्याचा सोडा या दोन्हींत सोडियम असतं, त्यामुळे गॅससाठी घेतलेला सोडा किंवा फसफसणारं चूर्ण नेमकं उलटं काम करतं. ज्वारीची भाकर मात्र बिनमिठाची केली तरी गोड लागते. वरणात मीठ न घालता वरून लिंबू पिळलं, फोडणीत लसूण, जिरं, कढीपत्ता वाढवला, तर जेवण अळणी वाटत नाही. सगळ्या घराचं जेवण वेगळं करायची गरज नाही; रुग्णाची वाटी मीठ घालण्याआधी काढून ठेवली की झालं. दुकानातलं 'कमी सोडियमचं मीठ' मात्र आणू नये. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम भरलेलं असतं आणि ते या रुग्णाला घातक ठरू शकतं.

आणखी एक मीठ बाटलीतून येतं. अशक्तपणा वाटला की 'एक सलाईन लावून द्या' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. नेहमीच्या नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम, जलोदराच्या रुग्णाचा जवळजवळ दिवसभराचा वाटा. ताकदीसाठी म्हणून लावलेली ही बाटली थेट पोटात जमा होते. कारण नसताना ती मागू नये.

ताकद लागतेच, आणि ती जेवणातून यावी. यकृताच्या रुग्णाला डाळ, अंडी, दूध बंद करण्याचा जुना सल्ला आता मोडीत निघाला आहे. या रुग्णांचे स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून त्यांना उलट जास्त प्रथिनं हवीत: वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम. एका वेळी पोट गच्च होत असेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं आणि झोपण्याआधी हमखास काहीतरी द्यावं, म्हणजे रात्रभराच्या उपासात शरीर स्वतःचे स्नायू जाळत नाही.

गोळ्या, काटा आणि संत्री

मीठ कमी करून भागलं नाही तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात. सिरोसिसमध्ये मुख्य औषध स्पायरोनोलॅक्टोन, जोडीला फ्युरोसेमाइड. पाणी किती वेगाने उतरावं याला मर्यादा आहे. पायांवर सूज नसेल तर रोज अर्धा किलो, सूज असेल तर साधारण एक किलो. त्याहून वेगाने वजन उतरलं तर पाणी पोटातून न जाता रक्तातून जातं आणि मूत्रपिंडं कोरडी पडतात. म्हणून घरात एक वजनकाटा हवा. रोज सकाळी, शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन घ्यायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. तपासणीला जाताना ते पान सोबत न्यायचं. डोस वाढवायचा की कमी करायचा, हे त्या आकड्यांवरून डॉक्टरांना लगेच कळतं.

संत्रापट्ट्यातल्या माणसाने एक गोष्ट खास लक्षात ठेवायला हवी. स्पायरोनोलॅक्टोन शरीरात पोटॅशियम साठवतं आणि संत्र्यात पोटॅशियम भरपूर असतं. घरची बाग, भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवीभर संत्री आणणारा आणि रुग्णाला प्रेमाने दिवसातून तीन-चार पेले रस पाजला जातो. एका पेल्यात कितीतरी फळं जातात. नारळपाणीही तसंच. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याची आधी काही चाहूल लागेलच असं नाही. संत्रं वर्ज्य करायची गरज नाही. रक्ततपासणीत पोटॅशियम ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून एखादं फळ खुशाल खावं. रसाचे पेले मात्र टाळावेत.

दुखण्याच्या गोळ्यांबाबत मात्र तडजोड नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशी औषधं मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात आणि जलोदर बळावतो. कंबर दुखली म्हणून दुकानातून आणलेली एक पट्टीही महागात पडू शकते. झाडपाल्याच्या औषधांचंही तेच. त्यात काय आहे हे माहीत नसताना आधीच जखमी असलेल्या यकृतावर ते टाकू नये.

वाट बघायची नाही अशा खुणा

ताप येणं, पोट दुखायला लागणं, रुग्ण बडबडायला लागणं किंवा दिवसा झोपून रात्री जागणं, ओळखीची माणसं विसरणं, लघवी कमी होणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, श्वास न पुरणं. यातली एक जरी खूण दिसली तरी सकाळ होण्याची वाट बघू नये. पाण्यात जंतू झाले की सुरुवातीला फक्त थोडी मरगळ दिसते, आणि उपचाराला उशीर झाला तर जीव जातो. बेंबी पुढे येऊन तिच्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल तर ती फुटण्याआधी डॉक्टरांना दाखवावी.

मुळाकडे

सिरोसिसच्या कारणांत दारू मोठी आहे. हातभट्टीची असो की सीलबंद बाटलीतली, यकृताला फरक पडत नाही. दारूने आलेल्या जलोदरात ती पूर्ण सोडली तर काही महिन्यांत पाणी खूप कमी होतं, कधी गोळ्याही बंद करता येतात. इतकं देणारं औषध दुकानात मिळत नाही. मात्र वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका रात्रीत घरी सोडू नये. हातपाय थरथरणं, भ्रम, फिट असा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

पण पोटात पाणी म्हणजे दारूच, ही कुजबुज थांबायला हवी. दारूला कधीही न शिवलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी किंवा सी असू शकतो. मधुमेह आणि लठ्ठपणातून चरबी साठून यकृत कडक झालेलं असू शकतं. बायकांमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच यकृतावर उलटलेली असू शकते. संशयाच्या नजरांना घाबरून दवाखाना टाळणारे रुग्ण आपल्या आसपास आहेत आणि त्यांचा उशीर आपल्या बोलण्यामुळे होतो. हिपॅटायटिस बी औषधांनी आटोक्यात राहतो, सी बहुतेकांचा तीन-सहा महिन्यांत पूर्ण बरा होतो. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बाळांना हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणातच मिळते, जन्मल्यावर चोवीस तासांत पहिली. ती चुकवू नये.

एवढं करूनही पाणी आवरत नसेल तर यकृताच्या प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो, आणि तो विचार रुग्णात ताकद असतानाच व्हायला हवा. सिरोसिसमध्ये जलोदर दिसू लागणं हाच तज्ज्ञाकडे जाण्याचा इशारा असतो. अमरावती किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात गेल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून योजनेत काय बसतं ते विचारावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं.

घरात अशा रुग्णाची फाइल करा. वजनाच्या नोंदी, सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची यादी. पोटातल्या पाण्याच्या पहिल्या तपासणीचा कागद सगळ्यात वर लावा. तो कागद फाइलमध्ये नसेल तर पुढच्या भेटीत सगळ्यात आधी तीच तपासणी मागा.